सही खरी, सांगितलेलं खोटं: फसवून करवून घेतलेलं गहाण टिकतं का?

मराठी वर्तमानपत्राचं एखादं आतलं पान उघडा. जाहीर नोटिसा आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या गर्दीत बारीक टायपातली एक चौकट हमखास सापडते: 'ताबा सूचना'. कर्जदाराचं नाव, जामीनदारांची नावं, थकलेली रक्कम आणि खाली मिळकतीचं वर्णन चतुःसीमेसकट. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस शेजाऱ्याचं घर, दक्षिणेस नाला.

ही चौकट वाचून कुठल्या तरी घरात कुणीतरी म्हणतं, 'अहो, पण मी कर्ज घेतलंच नव्हतं. साक्षीदार म्हणून सही कर म्हणाले, म्हणून केली.' दुसऱ्या घरात बाई म्हणते, 'ह्यांनी सांगितलं होतं की पाच लाखांचंच आहे.' तिसरीकडे बहीण म्हणते, 'घर बाबांचं. दादाने एकट्याने गहाण कसं ठेवलं?'

मग सल्ल्यांचा पाऊस पडतो. निम्मे म्हणतात, 'फसवणूक झाली ना? मग सगळं रद्द!' उरलेले म्हणतात, 'सही तुझीच ना? मग भोग आता.' दोन्ही सल्ले अर्धेच खरे आहेत. फसवणूक झाली की नाही, एवढ्यावर कायदा थांबत नाही. कुणी फसवलं, नेमकं कशाबद्दल फसवलं, मधल्या काळात तो कागद कुणाच्या हातात गेला आणि फसवणूक कळली कधी, हे तो विचारतो. गहाण टिकणार की उडणार, ते या उत्तरांवर ठरतं.

आधी गहाण म्हणजे काय ते पाहू

'घरावर कर्ज काढलं' असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात. एक म्हणजे उधारी: बँकेने पैसे दिले, ते परत करायचे. दुसरी म्हणजे तारण: पैसे आले नाहीत तर या मिळकतीतून वसूल करा, असा हक्क बँकेला दिला. या दुसऱ्या गोष्टीचं नाव गहाण. मालकी गहाण ठेवणाऱ्याकडेच राहते आणि पैसे फेडून मिळकत सोडवून घेण्याचा त्याचा हक्क कुठल्याही अटीने काढून घेता येत नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हे सगळं लिहिलेलं आहे.

उधारी आणि तारण वेगळी आहेत, हे डोक्यात पक्कं ठेवा. पुढे याचं फार काम पडणार आहे. गहाण रद्द झालं म्हणजे कर्ज माफ झालं, असं नसतं.

गहाण ठेवायच्या रीती बऱ्याच आहेत, पण शहरात आपला संबंध येतो तो दोनच रीतींशी. एक, दुय्यम निबंधकाकडे जाऊन नोंदवलेलं गहाणखत. दुसरी, घराचे मूळ दस्त बँकेत नेऊन ठेवणं, ज्याला बँकवाले 'इक्विटेबल मॉर्गेज' म्हणतात. गृहकर्जात सहसा ही दुसरी रीत असते. पूर्वी तिची नोंद कुठेच दिसत नसे आणि फसवणुकीला ते मोकळं कुरण होतं. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१३ पासून असं गहाण ठेवल्यावर ३० दिवसांत दुय्यम निबंधकाकडे 'नोटीस ऑफ इंटिमेशन' द्यावी लागते, म्हणून आता निबंधकाकडच्या नोंदी शोधताना ते सापडतं.

खोटं बोलण्याचे प्रकार

१८७२ चा करार कायदा खोट्याच्या दोन जाती करतो. बोलणाऱ्याला ठाऊक आहे की आपण खोटं सांगतोय आणि समोरच्याला गंडवण्यासाठीच सांगतोय, तर ते कपट. बोलणाऱ्याला ते खरंच वाटत होतं, पण निघालं चुकीचं, तर ते मिथ्या निवेदन. 'या जागेवर कुठलाही बोजा नाही' असं भावाने सांगितलं. बोजा आहे हे त्याला माहीत असेल तर कपट. वडिलांनी कधी काळी घेतलेलं कर्ज त्याच्याही कानावर नसेल तर मिथ्या निवेदन.

आणि गप्प राहणं? नुसतं गप्प राहणं म्हणजे कपट नव्हे. पण बोलणं ज्याचं कर्तव्य होतं तो गप्प बसला, तर तेही कपटच ठरतं.

यातली एक बारीक तरतूद मला फार आवडते. चुकून सांगितलेलं खोटं किंवा मुद्दाम पाळलेलं मौन असेल, तर समोरचा म्हणू शकतो, 'साधी चौकशी केली असतीस तर तुला कळलं असतं.' आणि तो जिंकतो. पण धडधडीत खोटं बोलणाऱ्याला ही सोय नाही. लबाडाला उलटून 'तू तपासायला हवं होतंस' असं म्हणता येत नाही.

आणखी एक अट: त्या खोट्यामुळेच तुम्ही सही केलेली असली पाहिजे. एजंटने घराचा भाव फुगवून सांगितला, पण तुम्ही त्याच्याकडे लक्षच दिलं नव्हतं आणि सही करणारच होता, तर नंतर त्या भावावरून करार मोडता येत नाही.

खोटी नोट आणि गंडवून घेतलेली खरी नोट

आता गाभ्याकडे येऊ. वकिलांच्या तोंडी दोन शब्द असतात: शून्य आणि शून्यकरणीय. कानाला जवळपास सारखे वाटतात, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खोटी नोट डोळ्यांसमोर आणा. ती भाजीवाल्याने घेतली, भाजीवाल्याने किराणा दुकानदाराला दिली, दुकानदाराने बँकेत भरली. तिघेही प्रामाणिक. तरीही मशीनमध्ये ती अडकतेच, कारण ती कधी नोट नव्हतीच. हे झालं शून्य. असा दस्त पहिल्या दिवसापासून निव्वळ कागद असतो.

आता खरी नोट, पण कुणीतरी तुम्हाला गंडवून घेतलेली. तो भामटा कोपऱ्यावर सापडला तर तुम्ही त्याच्या हातातून ती परत मागू शकता. पण त्याने ती चहावाल्याला देऊन वडापाव खाल्ला असेल, आणि चहावाल्याला यातलं काहीच माहीत नसेल, तर त्याच्या गल्ल्यात हात घालता येत नाही. हे शून्यकरणीय, म्हणजे रद्द करता येण्याजोगं. फसलेल्या माणसाने उठून 'मला हे मान्य नाही' असं म्हणेपर्यंत व्यवहार चालूच असतो. तोवर तो कुणा निष्पाप माणसाच्या हातात पैसे मोजून गेला, तर सहसा हातचा गेला.

लोक समजतात की फसवणूक म्हटली की व्यवहार शून्य. करार कायद्याचा सर्वसाधारण नियम मात्र उलटा आहे: कपटाने मिळवलेली संमती करार शून्य करत नाही, फक्त रद्द करता येण्याजोगा करते. निवड फसलेल्याची. तो करार मोडू शकतो, किंवा मोडायचा नसेल तर 'तू जे खरं म्हणून सांगितलंस ते खरं करून दे' असंही मागू शकतो. व्याज नऊ टक्के म्हणून सांगून कागदात जास्त घातलं असेल, तर ही दुसरी वाट बऱ्याचदा शहाणपणाची ठरते.

कागद कोणता आणि कागदात काय

मग शून्य केव्हा? इथे एक जुनी आणि थोडी निर्दय वाटणारी भेदरेषा आहे. कागद कोणत्या जातीचा आहे याबद्दलच फसवलं असेल, तर शून्य. कागदाची जात ठाऊक होती, पण आतल्या मजकुराबद्दल फसवलं, तर शून्यकरणीय.

'ही निराधार योजनेची कागदपत्रं आहेत' असं सांगून आजीचा अंगठा गहाणखतावर घेतला, तर तिचं मन त्या सहीबरोबर कधी गेलंच नाही. ती खोटी नोट. पण 'हे गहाणखत आहे, पाच लाखांचं' असं सांगून पन्नास लाखांचं करवून घेतलं, तर गहाण ठेवतोय हे तिला माहीत होतं. ती गंडवून घेतलेली खरी नोट. बनावट सही तर अर्थातच पहिल्या गटात जाते, कारण तिथे सही करणारा माणूसच वेगळा.

सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा १९६८ च्या निंगव्वा खटल्यात स्पष्ट केली. प्रकरण होतं विजापूरकडचं, १९३८ मधलं, म्हणजे तो भाग मुंबई प्रांतात होता तेव्हाचं. वडिलांकडून जमिनी मिळालेल्या एका बाईकडून नवऱ्याने बक्षीसपत्र करून घेतलं. तडवळगा गावच्या जमिनी द्यायच्या म्हणून सांगितलं आणि कागदात दुसऱ्या गावच्याही घुसवल्या. न्यायालय म्हणालं, बक्षीसपत्र करतोय हे तिला माहीत होतं. लबाडी झाली ती मजकुराबद्दल. म्हणून दस्त शून्य नाही, रद्द करता येण्याजोगा. आणि तडवळग्याच्या जमिनी नवरा दबावाने लिहून घेतोय हे तर तिला सहीच्या वेळीच उमगलं होतं, तरी ती तीन वर्षांत न्यायालयात आली नाही. तेवढ्यापुरता तिचा दावा मुदतबाह्य ठरला. दबाव खरा असूनही.

इंग्लंडमधला असाच एक खटला थेट गहाणाशी जोडलेला आहे. एसेक्समधल्या ७८ वर्षांच्या एका विधवा बाईंचा चष्मा फुटला होता. भाच्याला घर बक्षीस देतोय अशा समजुतीने त्यांनी पुढे आलेल्या कागदावर न वाचता सही केली. प्रत्यक्षात तो कागद भाच्याच्या मित्राला घर विकल्याचा होता. त्या मित्राने एक पैसा दिला नाही, उलट ते घर एका गृहकर्ज संस्थेकडे गहाण टाकलं आणि हप्ते थकवले. १९७० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, निकाल दिला तो संस्थेच्या बाजूने. घर दुसऱ्याच्या नावावर करतोय हे बाईंना माहीत होतं, आणि वाचून घ्यायची खबरदारी त्यांनी घेतली नाही. दोन निरपराधांपैकी एकाला भुर्दंड बसणारच, तो सही करणाऱ्याला बसला. 

आपल्याकडचा जुनाच खेळ: गहाण म्हणून खरेदीखत

कागदाच्या जातीबद्दलची फसवणूक महाराष्ट्राला नवीन नाही. अडल्या शेतकऱ्याला सावकार म्हणतो, 'गहाणखताची कटकट नको, खरेदीखत करून ठेव. पैसे दिलेस की जमीन उलटी फिरवून देतो.' कागदावर विक्री, तोंडी गहाण. पुढे सावकार फेरफार करून सातबाऱ्यावर आपलं नाव चढवतो आणि उलटं फिरवून देण्याचं नावच काढत नाही.

याला 'मुदत खरेदी' म्हणून गहाण ठरवता येईल का? कायद्याची अट कडक आहे. जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली हवी. वेगळ्या चिठ्ठीवर किंवा वेगळ्या स्टँपपेपरवर असेल तर ते गहाण धरलं जात नाही. सावकारांना ही अट शेतकऱ्यांपेक्षा आधी कळली, त्यामुळे दुसरा कागद नेहमी वेगळाच निघतो.

तरी वाट बंद होत नाही. दस्त केवळ देखावा होता आणि तो अंमलात आणायचा दोघांचाही इरादा नव्हता, हे दाखवायला तोंडी पुरावा चालतो, असं सर्वोच्च न्यायालयाने गंगाबाई खटल्यात सांगितलं आहे. शिवाय २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाचं कलम १८ आहे. सावकारीच्या ओघात तारण म्हणून बळकावलेल्या जमिनीचा दस्त अवैध ठरवून ती परत देण्याचा आदेश सहकार खात्याचे जिल्हा निबंधक देऊ शकतात. दिवाणी दाव्याच्या मानाने ही वाट जवळची, पण तिच्यासाठी मुळात सावकारी होती हे दाखवावं लागतं. एकदाच दिलेल्या हातउसन्या पैशांना ती लागू करणं कठीण जातं.

कर्जदाराने बँकेला फसवलं तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा मनातून वाटत असतं की पगाराची स्लिपच खोटी होती, म्हणजे गहाणही खोटं, म्हणजे घर सुटलं. तसं होत नाही. स्वतःच्या लबाडीचा फायदा लबाडाला मिळत नाही. फसली बँक, म्हणून निवड बँकेची. बँक करार मोडून सगळी रक्कम एकदम मागू शकते, किंवा गहाण धरून ठेवू शकते. घर खरोखर कर्जदाराचं असेल, तर बँक तारण सोडेल कशाला?

शिवाय हे फौजदारी प्रकरण होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागू आहे, आधीच्या ४२० चा वारस. फसवून मालमत्ता द्यायला लावल्याबद्दल त्यात सात वर्षांपर्यंत कैद आहे.

एकाच घरावर दोन बँकांकडून कर्ज उचलणं हा यातला लोकप्रिय प्रकार. मूळ दस्तांच्या हुबेहूब रंगीत प्रती काढायच्या, किंवा 'मूळ दस्त गहाळ झाला' अशी पोलिसांत तक्रार देऊन प्रमाणित प्रत मिळवायची आणि दुसऱ्या बँकेत ठेवायची. यावर उपाय म्हणून ३१ मार्च २०११ पासून 'सेरसाई' ही केंद्रीय नोंदवही सुरू झाली. कुठल्या मिळकतीवर कुणाचं तारण आहे, ते तिथे शुल्क भरून कुणालाही पाहता येतं. नियमाने आधीचं गहाण आधी. पण पहिल्या बँकेने स्वतः घोर निष्काळजीपणा केला असेल, समजा 'सोसायटीच्या कामासाठी हवेत' म्हणून कर्जदाराला मूळ दस्त परत दिले आणि त्याने ते दुसरीकडे गहाण टाकले, तर पहिल्या बँकेचा नंबर मागे जातो. तशी तरतूद मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच आहे.

फसवणारा बँकेचा माणूस नव्हता, घरचाच होता

सगळ्यात जास्त अश्रू या रकान्यात आहेत. नवरा बायकोला, मुलगा आईला, भाचा मावशीला घेऊन बँकेत जातो. बँक कागद पुढे करते, सही होते. बँकेने एक शब्दही खोटा सांगितलेला नसतो. खोटं घरी, जेवताना सांगून झालेलं असतं.

करार कायद्यातली कपटाची व्याख्या इथे आडवी येते. कपट कराराच्या पक्षाने केलेलं हवं, किंवा त्याच्या संगनमताने, किंवा त्याच्या एजंटाने. मुलगा हा बँकेचा ना भागीदार, ना एजंट. त्यामुळे मुलाने फसवलं एवढ्यावर आईने बँकेला दिलेलं गहाण मोडत नाही. बँकेला ते माहीत होतं, किंवा बँकेच्या अधिकाऱ्याचाही हात होता, हे दाखवावं लागतं.

पण एजंट हा शब्द सोडू नका. कर्जाच्या फायली गोळा करणारे, बँकेच्या नावाचं कार्ड गळ्यात घालून फिरणारे लोक आपण पाहतो. बँकेच्या कामाच्या ओघात एजंटाने केलेलं कपट कायद्याच्या लेखी बँकेनेच केल्यासारखं असतं. एजंट बँकेचा होता की कर्जदाराचा दलाल होता, यावर कित्येक प्रकरणं फिरतात. कमिशन त्याला कुणी दिलं, तो कागद इथे बोलतो.

जामीनदारांसाठी वेगळं कलम आहे आणि ते जास्त उदार आहे. कर्ज देणाऱ्याने स्वतः, किंवा त्याला माहीत असताना आणि त्याच्या संमतीने, महत्त्वाच्या बाबतीत खोटं सांगून हमी मिळवली असेल, तर ती हमी थेट अवैध. महत्त्वाची गोष्ट दडवून घेतलेली हमीही अवैध. 'साक्षीदार म्हणून सही कर' असं बँकेच्या टेबलावर बसून सांगितलं गेलं असेल, तर हे कलम वाचून पाहावं.

इंग्लंडने यात एक पाऊल पुढे टाकलं. १९९३ च्या ओब्रायन खटल्यात नवऱ्याने बायकोला सांगितलं होतं, तारण फक्त ६० हजार पौंडांचं आणि तीन आठवड्यांपुरतं आहे. दोन्ही खोटं. बायको नवऱ्याच्या धंद्यासाठी राहतं घर पणाला लावते, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत असू शकतं, हे बँकेला कळायला हवं होतं, असं म्हणून लॉर्ड्सनी ते गहाण बायकोपुरतं रद्द केलं. २००१ मध्ये त्यांनी बँकांना पायऱ्याच आखून दिल्या: बाईला स्वतंत्र वकिलाने समजावलं आहे याची लेखी खात्री घ्या. आपल्याकडे बँकांवर अशी सरसकट सक्ती नाही. मात्र पडदानशीन स्त्रियांच्या बाबतीत, कागद समजावून सांगितला होता हे सिद्ध करण्याचा भार दस्ताचा फायदा घेणाऱ्यावर टाकणारा जुना नियम आहे, आणि न्यायालयांनी तो निरक्षर स्त्रियांनाही लावला आहे. माझ्या मते इंग्लंडची पद्धत आपण उचलायला हरकत नव्हती. शाखेत अर्धा तास जास्त जाईल, एवढंच.

गहाण ठेवणारा मालकच नसेल तर?

बहिणीच्या प्रश्नाकडे येऊ. वडील गेले. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर एकट्या दादाचं नाव लागलं. बहिणींना वाटलं, नाव काय, नंतर चढवू. दादाने बँकेला लिहून दिलं, 'मी एकमेव वारस आहे.' आणि घर गहाण ठेवलं.

इथे बँकेची संमती खरी की फसवलेली, हा वाद दुय्यम आहे. नियम सरळ आहे: जे तुमचं नाही, ते तुम्ही गहाण ठेवू शकत नाही. दादाचा हिस्सा गहाण पडेल, बहिणींचा नाही. बँकेला दादाकडून पैसे मागता येतील, पण बहिणींच्या हिश्शापुरतं तिच्या हातात तारण नाही.

याला एक मोठा अपवाद आहे. खऱ्या मालकांनी स्वतःच, उघड किंवा मूक संमतीने, एखाद्याला जगासमोर मालक म्हणून उभं केलं आणि पैसे देणाऱ्याने वाजवी चौकशी करून त्याच्यावर विश्वास ठेवला, तर मालकांना नंतर मागे फिरता येत नाही. पण 'वाजवी चौकशी' हे शब्द बँकेला जड जातात. नोंदलेला प्रत्येक दस्त बँकेला माहीत होता असं कायदा धरून चालतो. जो माणूस प्रत्यक्ष ताब्यात राहतो त्याचा हक्कही बँकेला माहीत होता असं धरतो. म्हणजे वरच्या मजल्यावर बहीण राहत असेल आणि बँकेच्या माणसाने जिना न चढताच पाहणीचा अहवाल भरला असेल, तर 'आम्हाला ठाऊक नव्हतं' हे बँकेला म्हणता येत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या एका खटल्यात साधारण असाच पेच आला. कुटुंबातल्या एकाने जमीन विकली, विकत घेणाऱ्याने ती बँकेकडे गहाण टाकली, आणि कुटुंबातली एक बाई म्हणाली, यात माझाही हिस्सा होता. कर्जवसुलीच्या कायद्यामुळे दिवाणी न्यायालयाचं दार तिला बंद आहे, असं बँकेचं म्हणणं. न्यायालयाने ते मानलं नाही. विक्री आणि गहाण वैध आहे की नाही हे ठरवणं कर्जवसुली न्यायाधिकरणाचं काम नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय उघडं आहे, असा निकाल दिला. जाता जाता बँकांचे कानही उपटले: कर्ज देण्यापूर्वीचा शोध अहवाल कसा असावा याची एकसारखी चौकट रिझर्व्ह बँकेने इतरांच्या मदतीने ठरवावी.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक ओळ. विक्री करारनामा झाल्यावर बिल्डरने तोच फ्लॅट गहाण टाकला, तर रेरा कायद्यानुसार त्या गहाणाचा तुमच्या हक्कावर परिणाम होत नाही.

'पण दस्त तर नोंदलेला आहे!'

नोंदणी म्हणजे सरकारने मालकीवर मारलेला शिक्का, असं आपण समजतो. दुय्यम निबंधक सही करणाऱ्याची ओळख, मुद्रांक शुल्क आणि ठरावीक कागद तपासतो. जमीन खरोखर त्याची आहे का, याचा निवाडा तो करत नाही. नोंदणीमुळे दस्ताला वजन येतं, खोट्याचं खरं होत नाही.

'मग गहाण रद्द झालं की पैसे द्यायला नकोत ना?'

इथे उधारी आणि तारण वेगळं ठेवल्याचा उपयोग. करार मोडणाऱ्याने त्यातून घेतलेला लाभ परत करायचा असतो. तुमच्या खात्यात वीस लाख आले आणि तुम्ही ते वापरले, तर तारण गेलं तरी वीस लाख उभे राहतात. पैसे तुमच्यापर्यंत आलेच नसतील, सगळे मुलाच्या किंवा दलालाच्या खात्यात वळते झाले असतील, तर परत करण्यासारखं तुमच्याकडे काही नाही. म्हणून अशा खटल्यात गहाणखताइतकंच बँक खात्याचं पासबुक महत्त्वाचं ठरतं.

'पोलिसांत गुन्हा नोंदवला, आता गहाण थांबेल?'

नाही. एफआयआर माणसाविरुद्ध असतो, दस्ताविरुद्ध नाही. दस्त रद्द होतो तो दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. तोवर बँकेचं घड्याळ चालूच राहतं: न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा हक्क बँकेला देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली आधी ६० दिवसांची नोटीस, मग ताबा. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस. बँकेची कारवाईच कपटाची असेल तर दिवाणी न्यायालयाला मर्यादित का होईना दखल घेता येते, हे २००४ च्या मार्डिया केमिकल्स निकालापासून मान्य आहे. प्रत्यक्षात वकील बहुधा दोन्हीकडे अर्ज टाकतात, कारण ४५ दिवस हातचे घालवणं कुणालाच परवडत नाही.

'मला तर आत्ता कळलं'

हे वाक्य खरं असेल तर ते तुमचं सर्वांत मोठं हत्यार. दस्त रद्द करून घ्यायला तीन वर्षं मिळतात, आणि ती सहीच्या तारखेपासून नव्हे, फसवणूक कळल्यापासून मोजली जातात. कळलं म्हणजे साध्या खबरदारीने कळायला हवं होतं, तेव्हाही. ज्याने स्वतः सही केली त्याने दस्त रद्द करून मागायचा. ज्या बहिणीची सहीच नाही, तिने तो आपल्यावर बंधनकारक नाही असं जाहीर करून मागायचं. मुळातच शून्य असलेला दस्त रद्द करून घ्यावाच लागतो असं नाही. पण तो शून्य आहे की शून्यकरणीय, हे न्यायाधीश शेवटी ठरवणार आणि तुमची तीन वर्षं आधीच संपणार, म्हणून कुणी शहाणा वकील त्या भरवशावर बसत नाही.

आणि दाव्यात नुसतं 'माझी फसवणूक झाली' असं लिहून भागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचा नियम आहे की कपटाचा तपशील द्यावा: कुणी, कधी, कुठे, नेमके कोणते शब्द वापरले. म्हणून अनुभवी वकील पहिल्या भेटीत फाईल उघडण्याआधी विचारतात, 'हे तुम्हाला पहिल्यांदा कुणी सांगितलं? आणि त्या दिवशी वार कोणता होता?'